मुलूखमैदानचे माहेर

जुन्या शस्त्राचे गाव ओळखावे कसे? पॅसिफिक महासागरातील बेटांवरचे नक्षीदार लाकडी भाले हाती आले, की जाणकारांपुढे हाच पेच उभा राहतो. भाल्यांवर अक्षर नसते. लाकूड आणि कोरीवकामाची धाटणी पाहून बेट ठरवावे लागते. आमच्या नगरच्या एका शस्त्राने मात्र आपला जन्मदाखला अंगावरच बाळगला आहे, आणि तरी लोक त्याचे गाव विसरले!

शाळेची सहल विजापूरला गेली होती. शेर्झा बुरुजावर सुमारे ५५ टनांची ती प्रचंड तोफ! तोंड अक्राळविक्राळ श्वापदाचे, जबड्यात हत्ती चिरडलेला. एक विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, विजापूरकरांनी केवढी तोफ ओतली हो!"

"अरे, ही आपल्या नगरची लेक," मी म्हणालो. "विजापूर हे तिचे सासर."

मग तिच्या अंगावरचे फारसी लेख मी मुलांना समजावून दिले. एकात निजामशहाचे नाव आणि हिजरी सन ९५६, म्हणजे इ. स. १५४९. तेव्हा नगरच्या गादीवर पहिला बुर्‍हाण निजामशहा होता. दुसऱ्यात ओतणाऱ्याचे नाव : महंमद बिन हसन रूमी. 'रूमी' म्हणजे तुर्कांच्या मुलखातला. नगरहून तोफ परांड्याच्या किल्ल्यात गेली, तेथून १६३२ च्या सुमारास विजापुरास. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि आपल्या विजयाचा तिसरा लेख तिच्यावर कोरविला. पहिले दोन मात्र त्याने पुसले नाहीत, हे आपले भाग्य.

नावाचीही तीच गत. 'मलिक-ए-मैदान', म्हणजे रणांगणाचा धनी. मराठी जिभेवर त्याचे 'मुलूखमैदान' झाले. आज ते नाव आपण गर्जणाऱ्या वक्त्याला देतो!

हा दाखला एकदा नाहीसाच व्हायचा होता. १८५४ साली साताऱ्याच्या कमिशनरने निकामी सरकारी सामान विकण्याचा हुकूम काढला. तोफेला सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची! मामलेदाराला ती फार कमी वाटली. शिवाय लोकांची तोफेवरची भक्ती त्याला ठाऊक होती. त्याने तसे वर कळविले आणि विक्री थांबली. ती भट्टीत गेली असती, तर नगरच्या ओतारीची ही सहीही वितळून गेली असती.

परतल्यावर त्या मुलाने सहलीच्या वहीत 'विजापूरची तोफ' हे शब्द खोडले आणि वर लिहिले, 'विजापुरातली तोफ.' मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.