रणदिवे, कमल

रणदिवे, कमल जयसिंग : (८ नोव्हेंबर १९१७ – ११ एप्रिल २००१). भारतीय कर्करोगसंशोधक व पेशीवैज्ञानिक. भारतातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभारण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. जन्म पुण्यात, माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवविज्ञान शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेतून शालेय शिक्षण पूर्ण केल्यावर कमल यांनी मात्र फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेतले. पुढे कृषी महाविद्यालयातून सीताफळाच्या कुळाच्या पेशी-आनुवंशिकीवर काम करून त्या एम्.एस्‌सी. झाल्या (१९४३). गणिती जयसिंग रणदिवे यांच्याशी १९३९ मध्ये विवाह झाल्यानंतर त्या मुंबईला आल्या. टाटा मेमोरियल रुग्णालयात विकृतिविज्ञानतज्ज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे कर्करोगावरील संशोधन सुरू झाले. मुंबई विद्यापीठाची पीएच्.डी. त्यांना १९४९ मध्ये मिळाली.

त्यांच्या संशोधनाचा गाभा म्हणजे उंदरांतील स्तनकर्करोग. उंदरांच्या काही वाणांत बहुतेक माद्यांना हा रोग होतो, काहींत तो क्वचितच दिसतो. आईच्या दुधातून पिलांकडे जाणारा एक घटक याला कारणीभूत असतो, हे अमेरिकन संशोधक जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवले होते. हा घटक म्हणजे विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. कमी-अधिक रोगप्रवणता असलेल्या चार वाणांच्या स्तनग्रंथींची रचना ताडून पाहणारा खानोलकर व रणदिवे यांचा निबंध १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. आनुवंशिक प्रवृत्ती, संप्रेरके आणि विषाणू यांच्या परस्परक्रियेतून कर्करोग उद्‌भवतो, हा विचार मांडणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांत रणदिवे यांची गणना होते. स्तनकर्करोग आपोआप उद्‌भवणारा ‘आयसीआरसी’ हा उंदरांचा वाणही त्यांच्याच प्रयोगशाळेतला. असा वाण तयार करायचा तर पिढ्यान्‌पिढ्या निकटप्रजनन करून नोंदी ठेवाव्या लागतात; एखाद्या निबंधापेक्षा हे काम कितीतरी चिकाटीचे आहे.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे त्यांनी ऊतकसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. ‘हीला’ ही मानवी कर्कपेशींची अखंड वाढणारी परंपरा १९५१ मध्ये प्रथम वाढवली गेली, ती याच गाय यांच्या प्रयोगशाळेत. मायदेशी परतल्यावर रणदिवे यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात (आयसीआरसी; स्थापना १९५२) ऊतकसंवर्धनाचा विभाग उभा केला. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या.

ऊतकसंवर्धनाच्या याच तंत्रातून एक वेगळी वाट फुटली. बापट, रणदिवे व खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरोग्याच्या गाठींतून काढलेला आम्लस्थायी दंडाणू पेशीसंवर्धनात वाढवल्याचे प्रसिद्ध केले. ‘आयसीआरसी दंडाणू’ म्हणून ओळखला जाणारा हा जीव कुष्ठरोगाच्या मूळ दंडाणूहून वेगळा, ‘मायकोबॅक्टेरियम एव्हियम-इंट्रासेल्युलेअर’ गटातला ठरला. तरीही त्याच संस्थेतील माधव देव व सहकाऱ्यांनी त्यापासून लस तयार केली. दक्षिण भारतात झालेल्या तुलनात्मक चाचणीत तिची परिणामकारकता सुमारे ६५ टक्के, तर बीसीजीची सुमारे ३४ टक्के आढळली (१९९८).

कर्करोग व कुष्ठरोग यांवरील त्यांचे दोनशेहून अधिक निबंध प्रसिद्ध आहेत. त्यांचा प्रभाव केवळ उद्धरणे मोजून ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. युजीन गारफिल्ड यांची विज्ञान-उद्धरण सूची १९६४ मध्ये सुरू झाली आणि होर्हे हर्श यांचा उद्धरणांवर आधारलेला एच-निर्देशांक २००५ मध्ये आला, म्हणजे रणदिवे यांच्या निधनानंतर. शिवाय जुन्या भारतीय नियतकालिकांना या सूचींत फारच थोडे स्थान मिळाले आहे. ‘आयसीआरसी दंडाणू’वरील निबंध अशाच एका भारतीय नियतकालिकातला, आणि लसीच्या चाचणीपर्यंत पोहोचलेली वाट तिथूनच सुरू होते.

कुष्ठरोगावरील कामासाठी त्यांना वाटुमल पारितोषिक (१९६४) मिळाले. त्याच वर्षी भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार, म्हणजे सुवर्णपदक व १५,००० रुपये, त्यांना लाभला. भारत सरकारने १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषणने सन्मानित केले. अकरा शास्त्रज्ञ महिलांनी १९७३ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या (इव्सा) त्या प्रमुख प्रवर्तक. निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. नगर जिल्ह्यातील राजूर परिसरात आदिवासी बालकांच्या पोषणाची पाहणी त्यांनी केली.

भारतातील प्रायोगिक कर्करोगविज्ञानाच्या संस्थापकांत खानोलकरांच्या बरोबरीने त्यांचे नाव घ्यावे लागते.