घरातील वस्तू आपोआप पडतात तेव्हा : पुण्यातील केतकरांच्या घरची १९२८ ची हकीकत

पत्र्यावर दगड पडणे, बंद खोलीतील भांडी फेकली जाणे, दोरीवर वाळत घातलेले कपडे पेटणे, ताटातल्या अन्नात माती सापडणे. अशा प्रकारांना मराठवाड्यात ‘भानामती’ म्हणतात. युरोपात याच जातीच्या घटनांना ‘पोल्टरगाइस्ट’ हे नाव रूढ आहे. हा शब्द जर्मन असून त्याचा अर्थ ‘आदळआपट करणारे भूत’ असा होतो. भूतबाधा माणसाला झाली असे म्हटले जाते. येथे मात्र उपद्रव वस्तूंचा असतो. तरीही अशा हकीकती बारकाईने वाचल्या तर बहुधा त्यांच्या मध्यभागी घरातील एखादे मूल उभे असलेले आढळते.

महाराष्ट्रातील अशा एका प्रकरणाची नोंद इंग्लंड-अमेरिकेतील ग्रंथांपर्यंत पोहोचली. ते घडले पुण्यात, आणि तेही ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या घरी. केतकर हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर आणि समाजशास्त्राचे अभ्यासक. मराठीतील तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश याच सुमारास पूर्णत्वास येत होता. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई या माहेरच्या एडिथ कोहन. जन्माने ज्यू असलेल्या या विदुषीने विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचे इंग्रजी भाषांतर केले आहे. सारांश, ज्या घरात पुराव्यावाचून एक ओळही छापायची नाही असा शिरस्ता होता, त्याच घरात ही गोष्ट घडली.

केतकर दांपत्याने एक मुलगा दत्तक घेतला होता. प्रकार सुरू झाले तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. त्याच्या थोरल्या भावाभोवतीही पूर्वी असेच प्रकार घडल्याचे सांगितले जाई. (परदेशी ग्रंथांनी दोघांचीही नावे छापली आहेत, आपल्याला त्यांची गरज नाही.) शीलवतीबाईंची बहीण मिस कोहन या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात युरोपीय भाषा शिकवीत. त्यांनी घडलेल्या प्रसंगांच्या तारीखवार नोंदी ठेवल्या. दिवसाढवळ्या खोलीत नाणी पडत, बाटल्या व खेळणी भिरकावली जात. आणि मुलगा डोळ्यांसमोर असतानाही हे घडे, असे त्या लिहितात. सर्वात नवलाची नोंद थोरल्या भावाची आहे. शीलवतीबाईंनी बहिणीला पत्राने कळविले की, तो मुलगा एका सकाळी रबरी चेंडूसारखा अचानक दारात प्रकट झाला आणि ‘मी आत्ताच कर्जतहून आलो’ असे म्हणाला.

या वाक्यापाशी वाचक थांबतो. आपल्या मनात पहिला प्रश्न यावा तो असा : कर्जतला त्याला शेवटचे कोणी पाहिले, आणि किती वाजता? दारात उभा राहिलेला मुलगा खरा. तो कोणत्या मार्गाने आला हे मात्र केवळ त्याच्याच तोंडून कळते. मिस कोहन आणि त्यांच्या भगिनी खोटे बोलत होत्या असे मानण्यास काहीही कारण नाही. परंतु प्रामाणिक साक्षीदार जे पाहतो ते सांगतो. जे त्याच्या नजरेतून सुटले ते तो सांगू शकत नाही.

मिस कोहन यांनी आपली टिपणे लंडनचे हॅरी प्राइस यांच्याकडे पाठविली आणि १९३० साली ती अमेरिकेतील मानसिक संशोधनाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे १९४५ साली प्राइस यांनी आपल्या ग्रंथातही हे प्रकरण समाविष्ट केले. या प्राइस महाशयांविषयी सावध राहणे बरे. इंग्लंडमधील बोर्ली येथील ‘झपाटलेल्या’ घरामुळे ते जगप्रसिद्ध झाले. पण त्यांच्या निधनानंतर १९५६ साली तीन अभ्यासकांनी त्या संशोधनाची फेरतपासणी करून त्यांच्या विश्वासार्हतेवर गंभीर प्रश्न उपस्थित केले.

अशा घटनांचा उलगडा कसा करावा? १८९६ साली फ्रँक पॉडमोर या अभ्यासकाने अकरा प्रकरणे तपासून निष्कर्ष काढला की, बहुतेक ठिकाणी घरातील मूलच सर्वांची नजर चुकवून वस्तू फेकत असते. १९८४ साली अमेरिकेतील कोलंबस शहरात चौदा वर्षांच्या एका दत्तक मुलीभोवती असाच गाजावाजा झाला, तेव्हा ती स्वतःच दिवा ओढून पाडताना कॅमेऱ्यात टिपली गेली. म्हणून सर्व काही लबाडी, असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. मूल हे का करते, हा खरा प्रश्न आहे. दत्तक गेलेले, आईवडिलांना मुकलेले, अभ्यासाच्या किंवा माराच्या भीतीखाली असलेले मूल तोंडाने जे सांगू शकत नाही ते कधीकधी हाताने सांगते. केतकरांच्या घरी नेमके हेच घडले असे सिद्ध झालेले नाही. पण पोरकेपण आणि नवे घर, या दोन गोष्टी त्या बालकाच्या वाट्याला आल्या होत्या, एवढे निश्चित.

या विषयावर ख्रिस्तसभेची भूमिका पुष्कळांना वाटते त्याहून कितीतरी सावध आहे. अपदूत काढण्याच्या विधीसंबंधी १६१४ च्या रोमन विधिग्रंथातील पहिल्याच नियमांत धर्मगुरूला बजावले आहे की, एखाद्याला अपदूताने पछाडले आहे यावर त्याने सहजासहजी विश्वास ठेवू नये. १९९९ साली सुधारलेल्या विधीतही हीच दक्षता कायम आहे. धर्मसभेच्या कायद्यातील कलम ११७२ नुसार बिशपांच्या विशेष व स्पष्ट परवानगीवाचून कोणीही हा विधी करू शकत नाही. आणि ही परवानगी भक्तिमान, ज्ञानी, सुज्ञ व निष्कलंक आचरणाच्या धर्मगुरूलाच दिली जाते. कॅथोलिक श्रद्धाग्रंथ (परिच्छेद १६७३) सांगतो की, विधीपूर्वी हा प्रकार आजाराचा तर नाही याची खात्री करून घ्यावी. आजार, विशेषतः मानसिक आजार, हा वैद्यकशास्त्राचा प्रांत आहे. घर आशीर्वादित करून घेणे ही वेगळी बाब आहे. त्यासाठी आपल्या धर्मग्रामाच्या फादरांना केव्हाही बोलवावे. तो आशीर्वाद म्हणजे घरात भूत असल्याचा दाखला नव्हे.

पुण्याच्या त्या घरी निदान सुशिक्षित माणसे वही-लेखणी घेऊन बसली होती. आपल्याकडील वाड्या-वस्त्यांवर वहीऐवजी देवऋषी येतो आणि बोट दाखविले जाते ते शेजारच्या विधवेकडे, नव्या सुनेकडे किंवा जिच्याशी बांधाचे भांडण आहे तिच्याकडे. दगड कुठून आला हे कळण्याआधीच ‘करणी कोणाची’ हे ठरलेले असते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्याने वटहुकूम काढला व त्याच वर्षी जादूटोणाविरोधी अधिनियम संमत झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली कोणास बांधणे, मारणे वा मिरचीची धुरी देणे, तसेच एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिचे जगणे असह्य करणे, हा या कायद्याने गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. अशा छळाची तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. घरात असे प्रकार सुरू झाल्यास प्रत्येक घटनेची वेळ, जागा आणि त्या क्षणी कोण कोठे होते हे मिस कोहन यांच्याप्रमाणे लिहून ठेवावे. घरातील मुलाला मात्र चारचौघांत उभे करून जाब विचारू नये. त्याच्या विश्वासातील एखाद्या माणसाने त्याला एकांतात बसवून, काय बिनसले आहे ते विचारावे.