वाऱ्यानं नेलेली हॅट

आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. ते साहजिकच आहे. जोराचा वारा येतो, डोक्यावरची हॅट उडते, माणूस तिच्यामागे धावतो आणि रस्त्यावरचे लोक हसतात. या हसण्याला मोठी परंपरा आहे. डिकन्सच्या १८३६-३७ सालच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये पिकविकसाहेबांची हॅट लष्करी कवायतीच्या मैदानावर उडते आणि ते धापा टाकत तिच्यामागे धावतात. पुढे चेस्टरटन यांनी तर हॅटमागे धावण्यावर एक अख्खा निबंधच लिहिला. १९०८ साली तो पुस्तकात आला.

पण इतिहासाच्या अभ्यासकानं इथे एक साधा प्रश्न विचारायला हवा. माणूस धावतो का? एक टोपी गेली तर गेली, दुसरी घ्यावी. एवढी धावाधाव कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर दर शतकात बदलत गेलं आहे, आणि तेच आज आपण बघणार आहोत.

पहिलं उत्तर म्हणजे पैसा. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये चांगली हॅट बीव्हरच्या लवीची असे. बीव्हर हा नदीत बांध घालून राहणारा, कुरतडणारा प्राणी. त्याच्या कातडीवर बाहेर राठ केस असतात आणि आत मऊ, दाट लव. या लवेच्या तंतूंना बारीक खवले असतात, त्यामुळे ते ओलाव्यानं, उष्णतेनं आणि दाबानं एकमेकांत घट्ट गुंततात. न विणता तयार झालेलं हे कापड म्हणजे फेल्ट. आपल्याकडचा बुरणूस असतो ना, तीच जात. फक्त हे फार तलम आणि पावसात आकार न सोडणारं.

सॅम्युअल पेपिस हा लंडनचा सरकारी अधिकारी रोजनिशी लिहीत असे. जून १६६१ मध्ये त्यानं अशी एक बीव्हर हॅट घेतल्याची नोंद केली आहे. किंमत ४ पौंड ५ शिलिंग. साध्या मजुराची दोनेक महिन्यांची मजुरी त्या एका हॅटमध्ये गेली, असं समजा. आता सांगा, दोन महिन्यांचा पगार थेम्स नदीच्या दिशेनं उडत निघाला तर आपण चालू की धावू?

या हॅटसाठी युरोपातले बीव्हर जवळजवळ संपले. मग नजर गेली उत्तर अमेरिकेकडे. १६७० साली हडसन्स बे कंपनीला सनद मिळाली, आणि तिचा मुख्य माल बीव्हरची कातडी हाच होता. यातली एक गंमत बघा. सगळ्यात चांगली कातडी ताजी नव्हे, तर वापरलेली मानली जाई! तिथले मूळनिवासी लोक या कातड्यांची वस्त्रं लव आतल्या बाजूला ठेवून अंगावर घालत. घालून घालून राठ केस गळून जात, अंगाच्या तेलकटपणानं लव मुरत असे आणि फेल्ट सुरेख जमत असे. म्हणजे लंडनच्या सरदाराच्या डोक्यावर जी हॅट दिमाखात बसली होती, ती आधी कॅनडातल्या कुणा शिकाऱ्यानं एक-दोन हिवाळे अंगावर वागवलेली असायची.

आणि किंमत नुसत्या पैशात चुकवली गेली नाही, बरं का. लव नीट गुंतावी म्हणून पुढे पाऱ्याचं संयुग वापरू लागले. त्याच्या वाफेत काम करणाऱ्या कारागिरांचे हात थरथरत, स्वभाव बिघडे, बोलणं अडखळे. अमेरिकेत डॅनबरी हे हॅटचं मोठं केंद्र होतं. तिथे या रोगाला त्या गावाचंच नाव पडलं. आणि अमेरिकेत पाऱ्याचा हा वापर थांबला कधी? १९४१ साली.

हॅट श्रीमंतांची म्हटल्यावर सरकारचं लक्ष जाणारच. ब्रिटनमध्ये १७८४ ते १८११ या काळात हॅटवर कर होता. स्वस्त हॅटला ३ पेन्स, तर १२ शिलिंगांच्या वरच्या हॅटला २ शिलिंग. कर भरल्याचा छापील कागद हॅटच्या आतल्या अस्तराला चिकटवलेला असे, आणि त्याची नक्कल करणाऱ्याला कायद्यानं मृत्युदंड होता!

आता दुसरं उत्तर, आणि आम्हाला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. हॅट म्हणजे मान. आपल्याकडे देवापुढे, वडीलधाऱ्यांपुढे डोकं झाकायचं आणि जोडे काढायचे. युरोपातल्या पुरुषांचा रिवाज उलटा: जोडे पायात, हॅट हातात. हा रिवाज किती टोकाला जाई? १६७० सालीच विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकरांवर लंडनमध्ये खटला चालला. क्वेकर पंथाचे लोक माणसापुढे हॅट काढत नसत; तो मान फक्त ईश्वराचा, असं ते मानत. कोर्टात शिरताना शिपायानं त्यांच्या हॅट काढून घेतल्या होत्या. न्यायासनावरून हुकूम झाला की त्या परत डोक्यावर ठेवा. ठेवल्या. आणि लगेच, हॅट काढली नाही म्हणून कोर्टाच्या अवमानाचा दंड ठोठावला!

म्हणजे बघा, स्वतःच्या हातानं काढली तर तो आदर, दुसऱ्यानं काढली तर अपमान, आणि वाऱ्यानं नेली तर हशा. वाऱ्याला माणसाचा दर्जा कळत नाही. सरदार असो की कारकून, तो दोघांनाही सारखाच बोडका करतो. रस्त्यावरचा माणूस हसतो तो त्यामुळेच. आपल्या उंदराच्या टोपीच्या गोष्टीत तरी काय आहे? टोपी राजानं घेतली म्हणून एवढासा उंदीर भर दरबारात राजाची अब्रू काढतो. वाऱ्यावर मात्र अशी फिर्याद लावता येत नाही.

वारा हॅट नेतो तरी कसा, तेही थोडक्यात बघू. वारा काठाच्या खालून हॅट उचलतो, आणि उंच भागावरून वेगानं जाताना वरचा दाब कमी करतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून वारा थोडाच वाढल्यासारखा वाटतो आणि हॅट एकदम जाते. वारा मोजण्याच्या ब्यूफोर्ट मापनात सहाव्या पायरीची, म्हणजे ताशी साधारण ४० ते ५० किलोमीटर वाऱ्याची, खूण दिली आहे की छत्री धरणं कठीण जातं. हॅट त्याच्या बरीच आधी गेलेली असते!

मग लोकांनी उपाय शोधले. कुणी हॅटला दोरी बांधून ती कोटाच्या गुंडीत अडकवली, कुणी हनुवटीखाली पट्टा घेतला. १८४९ साली लंडनच्या लॉक कंपनीकडे एडवर्ड कोक यांनी आपल्या शिकारखात्यातल्या माणसांसाठी एक हॅट मागवली. उंच टॉप हॅट झाडांच्या फांद्यांना अडकून पडत असे. म्हणून ही हॅट ठेंगणी, गोल, टणक आणि डोक्यावर घट्ट बसणारी केली. बोलर बंधूंनी ती बनवली आणि तिला त्यांचंच नाव मिळालं. चॅप्लिनच्या डोक्यावर आपण पाहिलेली ती हीच.

बायकांचा उपाय मात्र सरकारला झोंबला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परातीएवढ्या हॅटची फॅशन होती. त्या केसांत अडकवायला लांबलचक टाचणी लागे, हॅटपिन. ट्राममध्ये शेजारच्याला तिचं टोक लागायचं, हे खरं. पण अंगचटीला येणाऱ्या माणसाला तेच टोक दाखवता यायचं, हेही तितकंच खरं! १९१० साली शिकागो शहरानं ९ इंचांहून लांब हॅटपिनवर बंदी घातली. त्रास देणाऱ्या पुरुषांपेक्षा टाचणीची लांबी मोजणं नगरपालिकेला सोपं वाटलं.

आपल्याकडे काय होतं? फेटा डोक्यावरच बांधतात, त्यामुळे तो वाऱ्याला सहसा दाद देत नाही. पुणेरी पगडी आधीच बांधून, शिवून तयार असते. उचलायची आणि ठेवायची. म्हणजे त्या बाबतीत ती हॅटच्या जवळची. आणि १९२० च्या सुमारास आलेली गांधी टोपी? दोन पैशांच्या खादीची, घडी करून खिशात जाणारी. ती उडाली तर नुकसान नाही, आणि पोलिसानं उडवली तर उलट मान वाढतो. मानाचं सगळं गणितच तिनं फिरवलं.

हॅट गेली कशी, यावर एक लोकप्रिय गोष्ट आहे की केनेडी बोडक्यानं वावरले म्हणून अमेरिकेत हॅट संपली. पण जानेवारी १९६१ च्या शपथविधीला ते टॉप हॅट घेऊन आले होते. तसे फोटोच आहेत. हॅटचा वापर त्याच्या कितीतरी आधीपासून ओसरत होता. बंद मोटारी आल्या, छत ठेंगणं झालं, रस्त्यावरचं चालणं कमी झालं.

आता शेवटचा मुद्दा. आजोबांची जुनी रेशमी टॉप हॅट आज कुणी हौसेनं घातली आणि ती समुद्रात उडाली, तर काय गेलं? पैसा थोडाफार गेला. मान गेला नाही, कारण आज हॅट न घालण्यात कमीपणा नाही. पण ज्या लवदार रेशमी कापडाची ती हॅट असते, ते कापडच आता कुठे बनत नाही. ते विणणारे माग बंद पडले, कसब गेलं. पेपिसची हॅट उडाली असती तर त्याला हळहळ वाटली असती, पण पैसे जमवून तो त्याच दुकानातून दुसरी आणू शकला असता. आज दुकानदाराकडे पैसे मोजले तरी तो म्हणेल, जुनी सापडली तर बघतो.

हे कापडाला लागू आहे तसं आपल्या पगडीलाही आहे. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. पण मानांकनानं नाव टिकतं, हात टिकत नाही. पगडी बांधणारे हात आपल्या गावात किती उरले आहेत, हे या आठवड्यात एकदा जाऊन बघा. बघितलंत की त्यांच्याकडून एक पगडी बांधूनही घ्या.