बार्शी लाईट रेल्वे : इंजिनाची स्थिर प्रतिकृती, एक इतिहाससाधन

एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या पुढाकाराने १८९७ मध्ये बार्शी रोड (कुर्डुवाडी) ते बार्शी असा सुरू झालेला ७६२ मि.मी. रुंदीचा लोहमार्ग आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तडवळ्यावरून १९११ मध्ये लातूरला पोहोचला. २००८ पर्यंत रुंदीकरण पूर्ण होऊन जिल्ह्यातील ही छोटी गाडी इतिहासजमा झाली.

आजच्या विद्यार्थ्यांसाठी इतिहास विभागात तिच्या इंजिनाची स्थिर प्रतिकृती असावी. मोटार नसल्याने ती अल्पखर्चात, स्थानिक सुताराकडूनही घडविता येईल. मात्र खेळण्यातील कोणतेही इंजिन त्याऐवजी ठेवणे योग्य नव्हे. हलके रूळ वापरून खर्च वाचावा यासाठी कॅलथ्रॉप यांनी प्रत्येक आसावरील भार पाच टनांपर्यंत मर्यादित ठेवला. परिणामी किटसन कंपनीच्या इंजिनांना आठ जोडचाके व मागे चार लहान चाके देण्यात आली. चाकांची ही रचनाच या रेल्वेचे अर्थशास्त्र सांगते.

१:२० या प्रमाणात या रुळांतील अंतर ३८ मि.मी. भरते, तर ब्रॉडगेजचे ८४ मि.मी. दोन्ही रूळ शेजारी मांडल्यास रुंदीकरणाचा अर्थ सहज उमगतो. तात्पर्य, प्रतिकृती स्वस्त असावी, परंतु मापाने अचूक असावी.