मिश्री, मंजन आणि बालदंतसंगोपन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बालकांच्या दंतसंगोपनाचा इतिहास हा केवळ दंतवैद्यकाच्या प्रगतीचा नव्हे, तर घरातील सवयींचाही इतिहास आहे. १९४८ च्या दंतवैद्यक अधिनियमाने या व्यवसायास कायद्याची चौकट दिली. तथापि ग्रामीण महाराष्ट्रात, तसेच तेथून शहरांत आलेल्या अनेक कुटुंबांत राखुंडी, कडुनिंबाची काडी आणि मिश्री हीच साधने रूढ होती. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. वडीलधाऱ्यांच्या अनुकरणातून ती मुलांच्याही हाती पडे. परिणामी स्वच्छता आणि व्यसन यांतील सीमारेषा बालपणीच पुसट होई.

याच काळात पर्यायही आकारास येत होता. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत विको कंपनी स्थापन करून वनौषधींचे दंतमंजन बाजारात आणले. मोहने ज्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत मोडते, तिच्याच क्षेत्रातील डोंबिवली येथे पुढे या कंपनीचा कारखाना उभा राहिला.

१९९२ मध्ये केंद्र शासनाने टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी घातली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तींना तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई केली. परंतु हे निर्बंध बाजारातील वस्तूंवर चालतात. घरी भाजलेल्या मिश्रीपर्यंत त्यांचा अंमल क्वचितच पोहोचतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या दातांची तपासणी होत असली, तरी दात घासण्याचा पहिला धडा मूल घरीच गिरवते. म्हणूनच बालदंतआरोग्याच्या प्रबोधनाचा आरंभ पालकांच्या सवयींपासून होणे अगत्याचे ठरते.