संगणकाला लावलेले ‘लॉक’ आणि सुरक्षिततेचा प्रश्न

महागड्या संगणक आज्ञावलीची नक्कल होऊ नये, यासाठी ती एखाद्या विशिष्ट उपकरणाशी बांधून ठेवण्याची पद्धत १९८०च्या दशकापासून रूढ आहे. आधी प्रिंटर पोर्टला आणि पुढे यूएसबी पोर्टला लावली जाणारी बोटभर लांबीची डबी, म्हणजेच डोंगल, हे तिचे सर्वपरिचित रूप होय. मराठी अक्षरजुळणीच्या व्यवसायात तिला नुसतेच ‘लॉक’ म्हणत. ते हरवले की छपाईचे काम थांबे. आज्ञावली सुरू होताना डोंगलला सांकेतिक प्रश्न विचारते आणि अपेक्षित उत्तर मिळाले तरच पुढे चालते. काही आज्ञावल्यांना वेगळी डबी लागत नाही. मदरबोर्ड, हार्ड डिस्क किंवा नेटवर्क कार्ड यांच्या क्रमांकांवरून त्या आपला संगणक ओळखतात.

या व्यवस्थेमुळे संगणकाच्या सुरक्षिततेला धोका पोहोचतो काय, असा प्रश्न तज्ज्ञांच्या चर्चेत वारंवार उपस्थित होतो. कुलूप स्वतः निरुपद्रवी असते. चिंतेची बाब आहे ती त्याच्यासोबत संगणकात शिरणारी मदतनीस आज्ञावली. तिचा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात काम करतो, तर परवाने तपासणारी तिची सेवा सर्वोच्च अधिकारांसह पडद्याआड अखंड चालू असते. वापरकर्त्याला बहुधा तिचे नावही ठाऊक नसते.

याचे ठळक उदाहरण जानेवारी २०१८ मध्ये समोर आले. जेमाल्टो कंपनीच्या ‘सेंटिनेल’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या परवाना व्यवस्थेत १४ त्रुटी आढळल्याचे कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने जाहीर केले. डोंगल जोडताच विंडोज त्याचा ड्रायव्हर आपोआप उतरवून घेई आणि फायरवॉलमध्ये १९४७ क्रमांकाचे पोर्ट, वापरकर्त्याला नीटशी कल्पना न देता, खुले होई. (भारतीय वाचकांना हा क्रमांक विसरणे कठीण!) डोंगल काढून घेतल्यानंतरही ते पोर्ट उघडेच राहत असे. संगणक पासवर्डने बंद असला, तरी डोंगल एकदा जोडणे पुरेसे होते. त्यानंतर दूर बसलेला हल्लेखोर या त्रुटींचा फायदा घेऊन संगणकाचा पूर्ण ताबा मिळवू शकत असे. कंपनीने दुरुस्त आवृत्ती उपलब्ध करून दिली.

सप्टेंबर २०२० मध्ये क्लॅरोटी या संस्थेने जर्मनीच्या विबू-सिस्टिम्स कंपनीच्या ‘कोडमीटर’मधील सहा त्रुटी प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी एकीला तीव्रतेचे १० पैकी १० गुण देण्यात आले. सीमेन्स, रॉकवेल यांसारख्या औद्योगिक उत्पादकांच्या आज्ञावल्यांमध्ये कोडमीटर अंतर्भूत असल्याने हा प्रश्न कारखान्यांपर्यंत पोहोचला. आपल्या यंत्रणेत कोडमीटर आहे, हेच अनेकांना माहीत असण्याचे कारण नव्हते.

धोक्याचा दुसरा स्रोत म्हणजे जुनेपणा. उपकरणाशी जखडलेली आज्ञावली पुष्कळदा जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमशीही जखडलेली असते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तथापि, एक्सपीवरच चालणारे स्कॅनर किंवा यंत्र कोणी त्या तारखेला मोडीत काढत नाही. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील १,२२० निदान उपकरणे बाधित झाल्याची नोंद तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने केली आहे. अशा उपकरणांमधील आज्ञावली अद्ययावत करणे सामान्यतः रुग्णालयांच्या हाती नसते, ते उत्पादकावर अवलंबून असते, असेही त्या अहवालात म्हटले आहे. हल्ल्यात सापडलेले बहुतेक संगणक मात्र विंडोज ७चे, केवळ दुरुस्ती न केलेले होते. त्यामुळे सारा दोष जुन्या यंत्रांच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही.

डोंगल तुटले आणि उत्पादक कंपनीच बंद पडली असेल, तर रीतसर खरेदी केलेली आज्ञावलीही निरुपयोगी ठरते. अमेरिकेच्या कॉपीराइट व्यवस्थेने २००३ मध्ये बिघडलेल्या व कालबाह्य डोंगलसाठी सवलत दिली. भारतात २०१२च्या दुरुस्तीने आलेले कॉपीराइट कायद्यातील कलम ६५अ, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे दंडनीय ठरवते. मालकाच्या संमतीने केलेली सुरक्षा चाचणी त्यातून वगळण्यात आली आहे. व्यवहारात अडलेला वापरकर्ता इंटरनेटवरील ‘डोंगल इम्युलेटर’कडे वळतो. अनोळखी व्यक्तीने लिहिलेला ड्रायव्हर तो स्वतःच्या हाताने गाभ्यात बसवतो, प्रसंगी विंडोजची स्वाक्षरी तपासणीही बंद करतो. मूळ कुलपापेक्षा हा उपाय कितीतरी घातक होय.

उपकरणाशी बांधणी सर्वत्र वाईट नव्हे. डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन किंवा संगणकातील टीपीएम चिप याच तत्त्वावर गुप्त किल्ली सुरक्षित ठेवतात. तेथे किल्ली वापरकर्त्याची असते आणि तिचे रक्षण त्याच्या हितासाठी होते. डोंगलमध्ये रक्षण होते ते विक्रेत्याच्या मालाचे.

डोंगल वापरणाऱ्या कार्यालयांनी परवाना सेवेची आवृत्ती तपासून ती अद्ययावत करणे, तसेच सेंटिनेल असल्यास १९४७ हे पोर्ट बाहेरील जाळ्यासाठी बंद ठेवणे उचित ठरेल. जुने यंत्र बदलणे शक्य नसेल, तर ते इंटरनेटपासून अलग ठेवावे. डोंगलचा वापर संपल्यावर केवळ डबी काढून न थांबता तिची सेवा आणि ड्रायव्हरही संगणकातून काढून टाकावेत.