एका ठेक्यावरच्या बारा जणी : अ‍ॅमस्टरडॅम १९२८

हेडफोन लावलेत ना? आज आपण जाणार आहोत १९२८ सालच्या अ‍ॅमस्टरडॅमला. हे वर्ष आपल्याकडे एका गोष्टीसाठी लक्षात ठेवलं जातं. जयपाल सिंग आणि ध्यानचंद यांच्या हॉकी संघाने भारताला पहिलं ऑलिम्पिक हॉकी सुवर्ण मिळवून दिलं ते याच शहरात, मे महिन्यात. पण आजची गोष्ट हॉकीची नाही. त्यानंतर अडीच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, तिथे काही मुली मैदानात उतरल्या. आज आपण त्यांच्याबद्दल बोलू.

ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची जिम्नॅस्टिक्स स्पर्धा पहिल्यांदा झाली ती याच वर्षी. त्याआधी स्त्रिया यायच्या, पण फक्त प्रात्यक्षिकं दाखवायला. गुण नाहीत, पदकं नाहीत. आधुनिक ऑलिम्पिक सुरू करणारे पियेर द कुबर्तँ हे स्वतःच स्त्रियांनी ऑलिम्पिकमध्ये उतरण्याच्या विरोधात होते. म्हणजे दार उघडलं ते किती उशिरा आणि किती नाखुशीने, हे लक्षात घ्या.

दार उघडलं, पण अर्धंच. पुरुषांना वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन्ही पदकं होती. स्त्रियांना फक्त सांघिक. एकटीने कितीही भारी कामगिरी केली तरी तिच्या नावावर पदक नाही. स्त्रियांना जिम्नॅस्टिक्समध्ये वैयक्तिक पदकं मिळायला लागली ती थेट १९५२ साली, हेलसिंकीला.

मग या मुली नेमकं काय करायच्या? तीन भाग असायचे : सांघिक कवायत, साधनांवरचे व्यायाम आणि उड्या. शाळेतली १५ ऑगस्टची कवायत आठवा. एकीचा हात अर्धा सेकंद उशिरा वर गेला की अख्खी रांग बिघडलेली दिसते. इथेही तसंच, फक्त समोर परीक्षक बसलेले. इथे कुणी एकटी चमकून चालत नाही. सगळ्यात हुशार मुलीलासुद्धा आपला वेग शेजारणीच्या वेगाला जुळवून घ्यावा लागतो. ‘टीम स्पिरिट’ हा शब्द आपण हल्ली फार सहज वापरतो. इथे मात्र त्याचे चक्क गुण मिळायचे.

पाच देशांचे संघ होते. पहिला आला यजमान नेदरलँड्सचा संघ, ३१६.७५ गुणांनी. दुसरा इटली, २८९ गुण. तिसरा ब्रिटन, २५८.२५. म्हणजे थोडक्यात जिंकणं वगैरे नव्हतं, डच मुली बऱ्याच पुढे होत्या.

आधी इटलीचा संघ बघू, कारण तो ऐकून तुम्ही चकित व्हाल. पाव्हिया या शहरातल्या या मुली, आणि त्यातल्या काही तर अगदीच लहान. लुईजिना जावोत्ती ११ वर्षं आणि ३०२ दिवसांची होती. आपल्याकडे या वयाची मुलगी सहावीत असते. ऑलिम्पिक पदक जिंकणारी सगळ्यात लहान मुलगी म्हणून तिचं नाव आजही घेतलं जातं. जिम्नॅस्टिक्समध्ये तो विक्रम आता मोडणंही अवघड, कारण मोठ्या गटात खेळायला आज मुलींना वयाची १६ वर्षं पूर्ण होणारं वर्ष लागतं. तिची सहकारी कार्ला मारांगोनी तेव्हा १२ वर्षांची होती. ती १०२ वर्षं जगली आणि २०१८ साली गेली.

आता डच संघ. यादीत १२ जणी. त्यातल्या पाच ज्यू होत्या : स्टेला अ‍ॅगस्टेरिब्बे, हेलेना नॉर्डहाइम, आना पोलाक, युदिक्ये सिमोन्स आणि एल्का द लेव्ही. वयं १९ ते २५. त्यांचे प्रशिक्षक खेरिट क्लेरेकोपर, तेही ज्यू. १९२८ च्या त्या मैदानावर या गोष्टीने काही फरक पडत नव्हता. कोण कुठल्या धर्माची हे कवायतीच्या रांगेत दिसत नाही. दिसतो तो फक्त ठेका. आणि त्या ठेक्यावर यजमान देशाने सुवर्ण जिंकलं.

पुढची १२ वर्षं साधी गेली. लग्नं झाली, मुलं झाली. मे १९४० मध्ये जर्मन सैन्य नेदरलँड्समध्ये घुसलं. जुलै १९४२ पासून वेस्टरबोर्कच्या छावणीतून ज्यूंना घेऊन पूर्वेकडे गाड्या सुटायला लागल्या.

इथून पुढे तारखाच ऐका.

२० मार्च १९४३, सोबिबोर. युदिक्ये सिमोन्स, तिचा नवरा आणि दोन लहान मुलं. उट्रेख्ट शहरात ती आणि तिचा नवरा मिळून ज्यू मुलांचं अनाथालय चालवत होते. त्यांना लपून राहायची संधी होती. पण अनाथालयातल्या मुलांना मागे ठेवून ते गेले नाहीत.

२ जुलै १९४३, सोबिबोर. हेलेना नॉर्डहाइम, तिचा नवरा आणि १० वर्षांची मुलगी. आणि त्याच तारखेला, त्याच ठिकाणी, प्रशिक्षक क्लेरेकोपर, त्यांची बायको आणि १४ वर्षांची मुलगी. १५ वर्षांपूर्वी एकमेकांशेजारी सुवर्णपदकाचा आनंद घेतलेले गुरू आणि शिष्या.

२३ जुलै १९४३, सोबिबोर. आना पोलाक आणि तिची ६ वर्षांची मुलगी.

१७ सप्टेंबर १९४३, आउशविट्झ. स्टेला अ‍ॅगस्टेरिब्बे आणि तिची दोन मुलं.

पाच जणींपैकी वाचली ती एकटी एल्का द लेव्ही. ती १९७९ पर्यंत जगली.

सोबिबोरला नेदरलँड्समधून १९ गाड्यांतून ३४ हजारांहून जास्त माणसं नेली गेली. परत आलेल्यांची संख्या विशीच्याही आत आहे. या आकड्यात ऑलिम्पिक सुवर्णपदकाला वेगळी रांग नव्हती. देशासाठी पदक आणलंय, हे कुणाच्याही कामी आलं नाही.

मग संघभावना म्हणजे नक्की काय? जिंकताना सगळे ‘आपल्या मुली’ म्हणतात. सोपं आहे ते. स्टेडियम भरलेलं असतं, झेंडा वर जात असतो. खरी परीक्षा नंतर येते, जेव्हा ‘आपल्या’तल्या काही जणांना सरकारी कागदावर ‘त्यांच्या’ ठरवलं जातं. तेव्हा रांगेत शेजारी कोण उभं राहतं? युदिक्येने याचं उत्तर दिलं. तिच्या रांगेत आता खेळाडू नव्हते, पोरकी मुलं होती. तिने त्यांना सोडलं नाही. मैदानावर शिकलेल्या गोष्टीमुळे ती तशी वागली, असं आपण छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण संघ या शब्दाचा याहून मोठा अर्थ मला तरी माहीत नाही.

१९९७ साली या पाच जणींना आणि क्लेरेकोपर यांना आंतरराष्ट्रीय ज्यू क्रीडा गौरव दालनात स्थान मिळालं. स्पर्धेनंतर ६९ वर्षांनी.

तुमच्यातलं कुणी जिम्नॅस्टिक्स करत असेल, मल्लखांब करत असेल, लेझीम पथकात असेल, तर पुढच्या सरावाला डावीउजवीकडे एकदा बघा. ठेका चुकणाऱ्याला सांभाळून घेणं हा सरावाचाच भाग आहे. आणि तो सराव मैदानाबाहेरही लागतो.

आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्या संघातल्या एखादीला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!